पोरांच्या हातातला मोबाईल सुटत का नाही? जरा फोड करून सांगतो

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी आली आणि तेव्हापासून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्हा रिटायर मंडळींना सकाळचा विषय पुरून उरलाय. एकाचं म्हणणं, बघा तिकडे सरकारला कळलं, आपल्याकडे कधी कळणार. दुसरा म्हणतो कायदा-बियदा काही नको, दोन कानाखाली वाजवल्या की मोबाईल आपोआप खाली जातो. तेवढ्यात तिसरा मोबाईलमुळे मुलांचा मेंदू कसा बाद होतो याचा व्हिडिओ दाखवायला लागतो, तोही मोबाईलवर, फुल आवाजात, आणि तो संपला की पुढचा सुरू होतो आणि आम्ही सगळे माना वाकवून तोही बघतो.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, एक्स्चेंजमध्ये. त्यामुळे एखादी वस्तू माणसाला नाचवायला लागली की आधी तिचं झाकण उघडून बघावंसं वाटतं, वापरणाऱ्याला शिव्या नंतर. आमच्या पिढीचं या विषयात बरोब्बर उलटं चालतं. पोरं आळशी, पोरांना दम नाही, आईबापांचा धाक नाही, हे सगळं बोलून होतं पण त्या वस्तूच्या आत काय चाललंय हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की ही वस्तू रेडिओ, टीव्ही, टेलिफोन यांच्या जातीची नाही, आणि ते का नाही हे कळल्याशिवाय पोरांवर ओरडण्यात अर्थ नाही.

आधी धंदा बघा

आमच्या वेळचा टेलिफोन आठवा. नंबर लागायला वर्षानुवर्षं वाट बघायची, तोवर शेजाऱ्यांचा पीपी नंबर द्यायचा, म्हणजे त्यांच्याकडे फोन करून आम्हाला बोलावून घ्यायचं, गावाला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे येऊन विचारायची, वाढवायचाय का. लाईनी कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे खात्याची इच्छा एकच, बोला आणि ठेवा. शेजारी उभा राहून घड्याळ बघणाऱ्या बापाचीही तीच इच्छा. म्हणजे यंत्र, खातं आणि बाप, तिघंही तुम्ही लवकर आटपावं याच बाजूचे.

इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांचं गणित वेगळं. ही अॅप फुकट, कारण पैसे जाहिरातवाला देतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ज्या मेटा कंपनीचे आहेत तिची २०२४ ची कमाई १६४ अब्ज डॉलर होती आणि त्यातली जवळपास सगळी जाहिरातींची. आता जाहिरात दाखवायची तर माणूस समोर बसलेला पाहिजे, जितका जास्त वेळ बसेल तितक्या जास्त जाहिराती. यूट्यूबने तर २०१२ मध्ये आपला हिशेबच बदलला, व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ बघितला याला वजन द्यायला सुरुवात केली. तुम्ही लवकर आटपावं असं वाटणारं कुणी त्या बाजूला उरलेलंच नाही. यात कुणी व्हिलन बसलाय असं मी म्हणत नाही, धंदाच तसा आहे.

अल्गोरिदम म्हणजे काय प्रकार असतो

हा शब्द हल्ली पेपरात रोज असतो. अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांनी निर्णय घ्यायची पद्धत, बस. इथे निर्णय एकच, या माणसाला आता पुढे काय दाखवायचं.

ते ठरवायला तुम्ही लाईक करायचीसुद्धा गरज नसते. तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलात, परत बघितला का, अर्ध्यात सरकवला का, कुणाला पाठवला का, हे सगळं मोजलं जातं. मग तुमच्यासारखंच थांबणारे आणि सरकवणारे दुसरे लाखो लोक असतात, त्यांना पुढे काय आवडलं ते तुमच्यावर लावून बघतात. करोडो व्हिडिओंतून आधी काही शे उचलायचे, मग त्यातला कुठला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवेल याचा अंदाज करून तो वर टाकायचा. अंदाज चुकला तरी त्यांचं काही जात नाही, तुम्ही सरकवलं एवढं त्यांना कळतं आणि पुढचा अंदाज सुधारतो.

माझी नात दहावीला आहे. तिच्या फोनवर तेच अॅप उघडलं तर कोरियन पोरं नाचतायत, मेकअप चाललाय, भूमितीची प्रमेयं पाठ करायच्या ट्रिका आहेत. माझ्या फोनवर गुडघेदुखी, नाट्यगीतं आणि टीव्हीवरच्या राजकीय भांडणांचे तुकडे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कला लागून असलेल्या एका सोसायटीत रात्री बिबट्या शिरला त्याचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितला, लाईक नाही, काही नाही, तर पुढचे काही दिवस माझ्या फोनवर नुसते बिबटे. कुत्रा उचलणारा बिबट्या, जिन्यातला बिबट्या, विहिरीत पडलेला बिबट्या. नात हसून म्हणाली, "आबा, तुम्ही थांबलात ना, मग आता भोगा." म्हणजे तिला हे सगळं माहीत आहे. माहीत असूनही सुटत नाही, आणि लोक गोंधळतात ते इथेच, कळतंय तर ठेव ना खाली. त्याचं उत्तर आपल्या मुंबईनेच खूप आधी बघितलंय.

मटका

मी लालबाग-परळ भागात वाढलो, तिथे मटका काय असतो हे शाळकरी पोरालाही कळायचं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत यायचे, त्यांच्या उघडत्या आणि बंद होत्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा जाहीर करायला लागले, म्हणून मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्यातली गाजलेली नावं. गिरणी कामगार पगार घेऊन यायचा आणि नाक्यावर ओपनला लावायचा, नाही लागला तर क्लोजला. तो काय मूर्ख होता का? अजिबात नाही, चार-चार लूम सांभाळणारा हुशार माणूस. आकडा रोज लागला असता तर तो कंटाळला असता आणि कधीच लागला नसता तर त्याने नाद सोडला असता. अधूनमधून लागायचा, कधी ते सांगता यायचं नाही, आणि माणूस अडकायचा तो त्या न सांगता येण्यात.

बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच कबुतरांवर मोजून दाखवलं. ठरावीक वेळा चोच मारली की दाणा, असं केलं तर कबुतर दाणा खाऊन जरा विश्रांती घेतं. पण दाणा कितव्या टोचीला येईल याचा नेम ठेवला नाही तर ते थांबायचं नाव घेत नाही, टोचतच राहतं. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत बघितलं की डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं एक रसायन ज्याला लोक सरसकट आनंदाचं रसायन म्हणतात, ते सोडणाऱ्या पेशी सरबत नेमाने मिळायला लागल्यावर सरबताला दाद देईनाशा होतात. सरबताची चाहूल लागली की त्या जाग्या होतात आणि अनपेक्षित मिळालं तर सगळ्यात जास्त. म्हणजे या रसायनाचं काम मजा देण्यापेक्षा "अजून एकदा बघ" असं ढोसण्याचं जास्त.

आता रील बघणाऱ्या पोराचा अंगठा बघा. सरकव, बेकार. सरकव, बेकार. सरकव, बरंय. सरकव, बेकार. सरकव, आणि एकदम असं काहीतरी की पोट धरून हसला आणि तीन मित्रांना पाठवलं. ओपन-क्लोजचा मटका दिवसातून दोनदा लागायचा, हा दर दहा सेकंदाला लागतो, पैसे लागत नाहीत म्हणून कुणाला जुगार वाटत नाही, आणि याला पोलिसांची धाडही नाही. लोकलमध्ये दारात लटकूनसुद्धा एका हाताने हे चाललेलं असतं, इअरफोन न लावता, म्हणजे आकडा त्याचा आणि आवाज आपल्याला.

शेवटच काढून टाकला

दुसरी गोष्ट दिसायला बारीक आहे पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. पूर्वी वेबसाईटवर खाली "पुढचं पान" असं बटण असायचं. २००६ च्या सुमारास आझा रास्किन नावाच्या डिझायनरने अशी सोय काढली की पान संपतच नाही, खाली गेलात की आपोआप नवीन भरलं जातं. याला इन्फिनिट स्क्रोल म्हणतात. त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे याबद्दल पस्तावा व्यक्त केलाय.

बटण दाबायला लागायचं तेव्हा क्षणभर का होईना, अजून बघू की उठू हा प्रश्न पडायचा. आता तो प्रश्न पडायची जागाच राहिलेली नाही, आणि त्यानंतर आपण पोराला म्हणतो तुला थांबता येत नाही.

त्यात स्ट्रीक नावाचा प्रकार आहे स्नॅपचॅटवर. दोघांनी एकमेकांना रोज एकतरी फोटो पाठवायचा, त्याचा आकडा वाढत जातो, एक दिवस चुकला की गेला. म्हणून पोरं छताच्या पंख्याचा फोटो पाठवतात, कपाळाचा पाठवतात, अंधाराचा पाठवतात, बोलायचं काही नसतं. गणपतीला कोकणात गेल्यावर वाडीत रेंज नाही म्हणून मैत्रिणीला पासवर्ड देऊन स्ट्रीक सांभाळायला सांगणारी पोरं आहेत. आम्ही हसतो, पण त्या वयात वर्गातल्या चौघांतून बाहेर पडण्याची भीती काय असते ते आठवून बघा.

"टीव्हीलाही असंच नावं ठेवायचे की"

हो, ठेवायचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही आला त्यांच्या दारात पोरांच्या चपलांचा ढीग पडायला लागला, तेव्हाही वडीलधारे म्हणायचे की आता ही पिढी गेली. ती पिढी कुठे गेली नाही, ती आज कट्ट्यावर बसलीय. त्यामुळे "प्रत्येक पिढी असंच म्हणते" हा मुद्दा मला मान्य आहे आणि पोरांनी तो तोंडावर फेकला तर चूक नाही.

पण दूरदर्शन रात्री बंद व्हायचं. छायागीत आठवड्यातून एकदा. रविवारी सकाळी रामायण लागलं की रस्ते ओस पडायचे हे खरं, पण ते संपलं की रस्ते परत भरायचे. आणि टीव्ही तुमच्याकडे बघत नव्हता. कांताबाईला काय आवडतं आणि तिच्या सुनेला काय, याचा त्या डब्याला पत्ता नव्हता, सगळ्यांना एकच कार्यक्रम, मग त्यावर भांडण, मग जेवण. न संपणारी आणि तुम्हाला ओळखून बदलणारी अशी वस्तू पोरांच्या हातात आधी कधी नव्हती. आमच्या हातातही नव्हती, म्हणून आमच्या संयमाचे गोडवे फार ऐकू नका, आमच्या संयमाची परीक्षा झालीच कुठे?

"पण नुकसान होतं हे सिद्ध झालंय का?"

इथे जरा थांबावं लागेल, कारण व्हॉट्सअॅपवर जे फिरतं तितकं सरळ हे नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या दोघांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांवर मुलांची माहिती तपासली. स्क्रीनचा वापर आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध त्यांना सापडला, पण स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के त्यातून समजावता येतो एवढाच. मोबाईलने पिढी बरबाद केली असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा.

दुसऱ्या बाजूला २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन ही फेसबुकची माजी कर्मचारी कंपनीचे आतले कागद घेऊन बाहेर आली. त्यातल्या एका स्लाईडवर कंपनीच्याच लोकांनी लिहिलेलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीला स्वतःच्या शरीराबद्दल जो न्यूनगंड असतो तो इन्स्टाग्राममुळे वाढतो. कंपनीने म्हटलं की याचा चुकीचा अर्थ लावला जातोय.

दोन्ही खरं कसं? मला वाटतं सरासरीत हे लपतं. वीस पोरांना काही होत नाही, दोघांना फायदाच होतो, आणि एकीची वाट लागते, तर सरासरी जवळजवळ शून्य येणार. शिवाय "स्क्रीन टाईम" या एका शब्दात गणिताचा क्लास, आजीशी व्हिडिओ कॉल आणि रात्री एक वाजता पांघरुणात बघितलेल्या रील, सगळं एकाच पोत्यात घालतात. त्यातलं पांघरुणातलं मला खटकतं, कारण झोप जाते, आणि झोप गेलेल्या पोराचं सकाळी सातच्या शाळेत काय होतं ते कळायला संशोधन लागत नाही.

"मग फोनच काढून घ्या!"

हे आमच्या कट्ट्याचं लाडकं उत्तर. आता मुंबईत ते करून बघा. शाळेचा होमवर्क व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, क्लासची टेस्ट अॅपवर असते. आई अंधेरीला, बाप ठाण्याला, पोरगी दादरहून एकटी ट्रेनने येते, गाड्या लेट झाल्या की जीव टांगणीला, तिच्याकडे फोन नको म्हणणार कोण?

आणि जागेचं काय, याबद्दल कुणी बोलत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. टॉवर झाले तरी आपल्यासारख्यांची घरं म्हणजे एक हॉल आणि एक बेडरूम, त्यात पाच माणसं. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःची म्हणून दार लावता येईल अशी जागा या घरात एकच असते आणि ती सहा इंचाची असते. आम्हाला गॅलरी होती, गच्ची होती, जिन्याखालची अंधारी जागा होती, गल्लीत स्टंप म्हणून विटा होत्या. आता खाली सोसायटीत बोर्ड लावलाय, "येथे बॉल खेळण्यास मनाई आहे", आणि बोर्डाच्या मागे ओळीने गाड्या पार्क केल्यात. बोर्ड लावायचा ठराव कुणी मांडला? आम्हीच, ज्येष्ठांनी, दुपारच्या झोपेला त्रास होतो म्हणून. मग पोरं मोबाईलवर क्रिकेट खेळतात तर त्यांना म्हणायचं मैदानी खेळ खेळत नाहीत!

कायद्याने काय होईल

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट मला पटते. दंड मुलाला नाही, आईबापाला नाही, कंपनीला आहे, आणि तो ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची. भोकंही आहेत. व्हॉट्सअॅप त्यात येत नाही, आणि यूट्यूब लॉगिन न करता बघता येतं. शिवाय वय खोटं सांगण्यात पोरांचा हात कोण धरणार.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर परवानगी पाहिजे, आणि मुलांवर पाळत ठेवून, त्यांच्या वागण्याचा माग काढून त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत असं स्पष्ट म्हटलंय. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षापर्यंतची मुदत आहे. कागदावर तरी हा कायदा मला बंदीपेक्षा बरा वाटतो, कारण तो वर सांगितलेल्या मोजामोजीवरच हात घालतो. फक्त आपल्याकडे घराघरात एकच फोन आईचा, अकाउंट आईचं, बघणारी पोरं तीन, तिथे मूल कोण हे कंपनीला कळणार कसं हा प्रश्न उरतोच.

घरात काय करता येईल, आणि कुणी

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात आणि मोठेही बंद करतात. एकट्या पोराला बंद करायला सांगितलं तर त्याला शिक्षा वाटते, आणि मित्र तिकडे बोलतायत ही टोचणी राहते. सगळ्या गावाने बंद केलं तर चुकण्यासारखं काही उरतच नाही. सोसायटीत हे जमेल का माहीत नाही, पण एका घरात जेवणाच्या वेळी जमायला हरकत नाही, फक्त त्यात सासूची सीरियल आणि आजोबांच्या बातम्यापण आल्या.

बाकी बारीक गोष्टी आहेत. नोटिफिकेशन बंद करा, खरी माणसं सोडून. ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं, बंद करा. इन्स्टाग्रामवर सुचवलेलं सगळं पुसून पाटी कोरी करायची सोय आहे. फोन चार्जिंगला रात्री हॉलमध्ये, उशाशी नाही. आणि यूट्यूबवर वॉच हिस्टरी पुसून बंद केली तर पहिलं पान रिकामं होतं, काही सुचवतच नाही, तुम्हाला हवं ते स्वतः शोधून बघायचं.

हे शेवटचं मी आमच्या कट्ट्यावरच्या त्या कानाखाली वाजवणाऱ्या गृहस्थांच्या फोनवर करून दिलं, त्यांच्या परवानगीने. त्यांनी यूट्यूब उघडलं, रिकामं पान बघितलं, वर-खाली अंगठा फिरवला, म्हणाले, "अरे बिघडवलास काय?" मी म्हटलं काय बघायचंय ते टाईप करा. बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते असं सांगता येत नाही रे, ते येतं आपोआप." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फोनवर सगळं परत चालू. नातवाकडून करून घेतलं म्हणाले.